जुन्या रायफलीचा चढता भाव
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी आमच्या एन.सी.सी.चे दहा दिवसांचे शिबिर झाले. कवायतीसाठी आम्हा मुलींना थ्री-नॉट-थ्री रायफली देण्यात आल्या. त्या गोळी झाडण्याच्या नव्हत्या. कवायतीपुरत्या ठेवलेल्या, निकामी केलेल्या होत्या. वजन मात्र पुरते, चार किलोच्या आसपास. तासाभरात खांदा भरून आला आणि मी शेजारणीला म्हटले, "कसलं हे ओझं!" आमच्या उस्तादांनी ते ऐकले. त्यांनी रायफल हातात घेऊन बोल्टच्या मागच्या लोखंडी कड्यावरची पुसट अक्षरे मला दाखवली. वर अशोकस्तंभाचे सिंह, खाली 'आर.एफ.आय.' आणि त्याखाली साल, १९५३. उस्ताद म्हणाले, "ही ईशापूरची. अमेरिकेत हिच्या बहिणींना लोक चाळीस-पन्नास हजार रुपये मोजतात, आणि तू ओझं म्हणतेस!"

सगळ्याजणी हसल्या. मला मात्र हसू आले नाही, कारण त्याच आठवड्यात आमच्या घरी एका बंदुकीच्या किमतीवरून बोलणे चालले होते. माझे वडील, आप्पा, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढे त्यांनी एक जुनी दुनळी बारा बोअरची बंदूक परवान्यावर विकत घेतली आणि तिच्या जोरावर पहारेकऱ्याची नोकरी धरली. आता वय झाले, नजर कमी झाली. बंदूक विकायला काढली तर दुकानदार आठ हजारांच्या वर जायला तयार नव्हता. अठ्ठावीस हजारांना घेतलेली चालती बंदूक आठ हजारांची, आणि सैन्याने टाकून दिलेली रायफल परदेशात पन्नास हजारांची! हा हिशेब मला लागेना. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "शोध घे आणि वार्षिकासाठी लिही." म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या रायफलीविषयी. हिचे खरे नाव ली-एनफील्ड. ब्रिटिश सैन्याने ती १८९५ साली स्वीकारली. नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणून थ्री-नॉट-थ्री. बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा आणि एकेक गोळी झाडायची. पेटीत दहा गोळ्या मावतात. दोन्ही महायुद्धे या रायफलीवर लढली गेली. तिच्या सर्व प्रकारांचे मिळून सुमारे १ कोटी ७० लाख नग तयार झाले असे मानले जाते. कलकत्त्याजवळ हुगळीकाठी ईशापूर येथे १९०४ साली रायफलीचा कारखाना निघाला आणि तेथे ती बनू लागली. स्वातंत्र्यानंतरही हे काम चालू राहिले. १९६२ च्या चीन युद्धानंतर याच कारखान्याने जुन्या रचनेत नवी ७.६२ मिलिमीटरची गोळी बसवून 'टू-ए' आणि पुढे 'टू-ए-वन' ही रायफल काढली. बाकीचे देश बोल्टची रायफल सोडून स्वयंचलित शस्त्रांकडे वळत असताना आपण ती नव्याने घडवली. त्यामुळेच परदेशातील संग्राहकांना तिचे विशेष कौतुक वाटते.

सैन्याजवळची शस्त्रे जुनी झाली की काय होते? दोनच वाटा असतात. ती मोडून वितळवायची, नाहीतर विकून टाकायची. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील देशांजवळ अशा रायफलींचे ढीग साचले होते. त्यांना जागा लागे, तेल लागे, राखण लागे. म्हणून त्या मिळेल त्या भावाने व्यापाऱ्यांना दिल्या गेल्या, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक ठरले अमेरिका. तेथे त्या टपालाने घरपोच मिळत. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची १९६३ साली ज्या रायफलीने हत्या झाली, ती अशीच इटालियन सैन्याची जुनी रायफल होती. मारेकऱ्याने ती जाहिरात पाहून टपालाने मागवली होती. दुर्बिणीसह तिची किंमत होती १९ डॉलर ९५ सेंट. पुढे १९६८ च्या कायद्याने टपालाची विक्रीही थांबली आणि परदेशी सैनिकी शस्त्रांची आयातही. १९८० च्या दशकात जुन्या, संग्राह्य शस्त्रांपुरते आयातीचे दार पुन्हा किलकिले झाले, आणि त्यातून आपल्या ईशापूरच्या रायफलीही तिकडे गेल्या. त्या वेळी त्या शंभर डॉलरच्या आसपास मिळत. आज चांगल्या अवस्थेतील 'टू-ए-वन'ला पाचशे डॉलर आणि त्याहूनही अधिक पडतात.

हा भाव का चढला? मला तीन कारणे दिसली.

पहिले कारण उघड आहे. हा माल पुन्हा तयार होत नाही. आमचे चुलते निफाड तालुक्यात कांदा करतात. लासलगावला भाव चढला की पुढच्या हंगामात जो तो कांदा लावतो आणि भाव आपोआप खाली येतो. पुरवठा भावाच्या मागे धावतो तो असा. पण १९५३ सालची रायफल २०२५ साली कोणी लावू शकत नाही. भाव दसपट झाला तरी नग तेवढेच. किंबहुना दरवर्षी काही गंजतात, काही मोडतात, म्हणजे नग कमीच होतात.

दुसरे कारण ऐकून मला नवल वाटले. या रायफली दुर्मिळ झाल्या त्या काही अंशी पूर्वीच्या स्वस्ताईमुळे! वीस-पंचवीस डॉलरच्या वस्तूची कोण पर्वा करतो? १९५० आणि ६० च्या दशकांत हजारो लोकांनी त्या घेतल्या, पुढचे लाकूड करवतीने कापले, नळी आखूड केली आणि शिकारीची हलकी रायफल करून टाकली. आज संग्राहकाला हवी असते ती कारखान्यातून आली तशीच रायफल: मूळचे लाकूड, मूळची संगीन, बोल्टवर आणि नळीवर एकच क्रमांक. करवत लागलेल्या रायफलीला तो विचारत नाही. आपल्या वाड्यांतील जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून स्टील घेणाऱ्या पिढीची मला येथे आठवण होते. मोडीच्या भावाने गेलेला तोच हंडा आज दिवाणखान्यात ठेवायला लोक हौसेने विकत घेतात.

तिसरे कारण दारांचे. अनेक देशांनी जुनी शस्त्रे विकण्याऐवजी नष्ट करण्याचे धोरण धरले आहे. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर नागरिकांकडूनच सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. रशियाची मोसिन-नागान ही रायफल तर ३ कोटी ७० लाखांच्या आसपास बनली. २०१० च्या सुमारास अमेरिकेत ती शंभर डॉलरच्या आत मिळे. पुढे रशियावरील निर्बंधांनी तिकडची आवक आटली आणि आता तिला कित्येक पट मोजावे लागतात. पूर्वी रायफलीबरोबर सैन्याची जुनी काडतुसेही पेट्यांनी स्वस्त मिळत. तीही संपली. नव्या .३०३ काडतुसाला नगामागे डॉलरहून अधिक पडतो. त्यामुळे ज्याला केवळ नेमबाजीची हौस आहे आणि खिसा बेताचा आहे, तो या खेळातून बाहेर पडतो आणि रायफल काचेच्या कपाटात जाते.

आता आपल्याकडे पाहू. येथे ही गोष्ट वेगळ्याच वळणाने जाते. आपल्या शस्त्र कायद्यानुसार .३०३ ही निषिद्ध बोअर आहे. सैन्याची गोळी खाजगी माणसाच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. सामान्य परवानेदाराला ती घेता येत नाही, मग तिचा बाजार कोठून असणार? ईशापूरच्या कारखान्याने यावर तोड काढली. त्याच ली-एनफील्डच्या यंत्ररचनेवर त्याने .३१५ बोअरची नागरी रायफल काढली. हाड तेच, गोळी निराळी. पोलिसांच्या हातात मात्र थ्री-नॉट-थ्री फार वर्षे राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपल्या पोलिसांकडे हीच होती आणि समोर होत्या स्वयंचलित रायफली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला. जी वस्तू एका देशात हौसेने विकत घेतली जाते, तीच दुसऱ्या देशात कालबाह्य म्हणून भांडारात पडून राहते किंवा कवायतीला मुलींच्या खांद्यावर येते.

पण आपल्याकडेही दार बंद झाल्यामुळे भाव चढल्याचे उदाहरण आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात, अशांततेच्या काळात, खाजगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आणण्यास बंदी झाली. मान्यताप्राप्त नेमबाजांना तेवढी सवलत राहिली. परिणाम असा झाला की बंदीपूर्वी आलेली विलायती पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे जणू दागिने बनली. इंग्लंडात ज्याला फारसे कोणी विचारणार नाही, असे जुने वेब्ली येथे काही लाखांना जाते. त्यात लोखंड तेच आहे, कारागिरीही तीच. मधे फक्त एक बंद दार उभे आहे.

आम्हा नाशिककरांना दाराचा हा महिमा निराळा सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. माल आत कोंडला गेला आणि लासलगावला भाव पडला. चुलत्यांच्या चाळीतला कांदा आणि श्रीमंताच्या कपाटातले वेब्ली यांना एकच नियम लागू आहे: बाहेर जाण्याचे दार लावले की भाव पडतो, आत येण्याचे दार लावले की भाव चढतो. फरक इतकाच, की पिस्तुलाला तेलाचे बोट लावले की ते पन्नास वर्षे थांबते. कांदा थांबत नाही, आणि कांदेवाल्याचे देणेकरीही थांबत नाहीत.

मग आप्पांच्या बंदुकीचे काय झाले? ती जुनी होती, पण दुर्मिळ नव्हती. तशा बारा बोअरच्या बंदुका देशात आजही बनतात. आणि येथे दार बंद झाले ते मालाचे नव्हे, गिऱ्हाइकाचे. नवा परवाना मिळणे कठीण झाले आहे. त्यातच डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली आणि तिसरे शस्त्र वर्षाच्या आत जमा करणे भाग पडले. नेमबाजांना यातही सूट होती. दुकानदार आप्पांना म्हणाला, "दादा, माझ्याकडे ठेवायला जागा नाही. विकणारे दहा येतात, घेणारा एक येत नाही." त्याचे बोलणे खोटे नव्हते. विकणारे अनेक आणि घेणारा परवान्याने बांधलेला, अशा बाजारात भाव पडायचाच.

आणि ती घरीच ठेवावी म्हटले, तर परवान्याशिवाय घरात बंदूक ठेवणे हा गुन्हा. मला परवाना मागायलाही एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतील. आणि मागताना कारण काय सांगणार? वडिलांची आठवण, हे कारण अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

गेल्या महिन्यात आप्पांनी ती विकली. मी बरोबर गेले होते. दुकानदाराने वहीत क्रमांक उतरवला आणि आप्पांनी सही केली. येताना मी त्यांना वीस हजारांच्या तोट्याबद्दल काहीतरी बोलले. नुकताच हा अभ्यास केला असल्यामुळे मागणी आणि पुरवठाही समजावून सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "लाठीवाल्या पहारेकऱ्याला जे मिळायचं, त्याच्यापेक्षा मला महिन्याला अडीच हजार जास्त मिळत होते. कशामुळे? बंदूक माझी स्वतःची होती म्हणून. पहिल्या वर्षातच तिचे पैसे फिटले. त्यानंतरची सगळी वर्षं तिनं फुकट काम केलं. तुझी दहावी, बारावी, कॉलेजची फी, सगळं त्यातूनच झालं. तोटा कुठं आला?"

उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील फरक आम्हाला प्रथम वर्षाला शिकवला होता. परीक्षेत त्यावर टिपाही लिहिल्या होत्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पण त्या दिवशी देवळालीच्या बसथांब्यावर तो फरक मला सातवी शिकलेल्या माणसाने समजावून दिला. अमेरिकेतील कपाटात बसलेल्या ईशापूरच्या रायफलीचा भाव पुढच्या वर्षी आणखी चढेल. तिने त्या घरातील कोणाची फी भरलेली नसेल.

येत्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनासाठी आमचा सराव सुरू झाला आहे. या वेळी माझ्या वाट्याला आलेल्या रायफलीवरचे साल पुसले गेले आहे. वजन मात्र तेवढेच आहे, आणि मी आता तिला ओझे म्हणत नाही.