सेवकाचा गुन्हा

रेडिओच्या हुकमतीत उडणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरात सर्व्हो नावाचे सेवक असतात. पात्यांचा कोन तेच बदलतात. हुकूम येतो तो विजेच्या ठोक्यांनी. साध्या सर्व्होत सेकंदाला सुमारे 50. ठोका 1.5 मिलिसेकंदांचा असला की सर्व्होचा दांडा मध्यावर, कमीअधिक झाला की इकडेतिकडे. दांडा नेमका कोठे आहे हे आतील पोटेन्शिओमीटर सांगतो आणि उरलेले अंतर मोटर दातेरी चाकांकरवी भरून काढते.

सर्व्हो थरथरू लागला की अधिक जोरकस सर्व्हो आणावा, असे पुष्कळांना वाटते. आम्हांस हे पटत नाही. अहमदपूरच्या शिवारात व्होल्टेज घसरले की पंप नुसता घुमतो. तेथे मोठी मोटर बसवून काय साधणार? जोरकस सर्व्हो वीजही अधिक ओढतो.

म्हणून प्रथम पाती उतरवावीत. मग संशयित सर्व्होची तशाच दुसऱ्याशी अदलाबदल करावी. दोष त्याच्याबरोबर गेला तर तो त्याचा; जागीच राहिला तर तारेचा, जोडदांड्याचा किंवा हुकमाचा; सगळेच थरथरले तर वीजपुरवठ्याचा. दाते झिजले असतील तर धातूची चाके घ्यावीत. शेपटीला मात्र चपळ सर्व्हो हवा.

सप्टेंबर 2021 मध्ये मंगळावरील ‘इंजेन्युइटी’चे सहांपैकी दोन सर्व्हो थरथरले आणि उड्डाण आपोआप रद्द झाले. तेथे नवा सर्व्हो कोठला? पुन्हा चाचण्या झाल्या, अन् ऑक्टोबरात ते त्याच सर्व्होंवर उडाले. सेवकाला काढण्यापूर्वी त्याचा गुन्हा सिद्ध व्हावा, एवढेच आमचे सांगणे.