जठराचे स्वसंरक्षण : संप्रेरकांची भूमिका

भारतीय भाषांत पचनक्रियेसाठी अग्नीची प्रतिमा फार जुनी आहे. 'जठराग्नी' हा शब्द मराठीप्रमाणेच हिंदी, बंगाली वा कन्नड वाचकालाही परका वाटत नाही. भूक लागली की पोटात आग पडते. पचन मंदावले की त्याला अग्निमांद्य म्हणतात. या प्रतिमेच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. हा अग्नी ज्या चुलीत पेटतो, ती चूल त्याच्या धगीने जळून कशी जात नाही?

शरीरक्रियाशास्त्राने हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. जठर मांस पचविते आणि ते स्वतःही मांसाचेच बनलेले आहे; मग ते स्वतःलाच का पचवीत नाही? लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७२ मध्ये या प्रश्नाचा ऊहापोह केला. मृत्यूनंतर काही शवांत जठराची भित्ती स्वतःच्याच रसाने विरघळल्याचे त्यांनी पाहिले होते. जिवंतपणी तिला वाचविणारे एखादे जीवनतत्त्व असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. अर्थात हे उत्तर म्हणजे प्रश्नाचेच नामकरण होते. त्या तत्त्वाचा उलगडा होण्यास पुढे दोन शतके लागली.

आज त्याचे घटक बऱ्याच अंशी ज्ञात आहेत. जठराच्या आतील अस्तरावर श्लेष्म्याचा बुळबुळीत थर असतो आणि त्यात पेशींनी सोडलेले, आम्लाला निष्प्रभ करणारे बायकार्बोनेट मुरलेले असते. जठराच्या पोकळीत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर केसाएवढ्या जाडीच्या या थराखाली, प्रत्यक्ष पेशींच्या पृष्ठभागी, आम्लता जवळजवळ नसते. पृष्ठभागावरील पेशी झिजतात आणि साधारण ३ ते ५ दिवसांत त्यांच्या जागी नव्या येतात. मातीच्या चुलीला रोज पोतेरे घालून तिचे लिंपण ताजे ठेवीत, तसाच हा प्रकार होय. या सर्व कामास लागणारी सामग्री अस्तराखालील सूक्ष्म रक्तवाहिन्या पुरवितात; रक्तप्रवाह खुंटला की लिंपण थांबते आणि आम्ल आत शिरते.

परंतु हे लिंपण केव्हा आणि किती करावयाचे, हे कोण ठरविते? येथे संप्रेरकांचा, म्हणजे हॉर्मोनांचा, संबंध येतो. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये लंडन येथे शोधलेले सिक्रेटिन हे पहिले संप्रेरक आम्लाशीच निगडित होते. जठरातील आम्ल लहान आतड्यात उतरताच तेथील अस्तरातून सिक्रेटिन रक्तात मिसळते आणि स्वादुपिंडाकडून बायकार्बोनेटयुक्त रस मागविते. 'हॉर्मोन' ही संज्ञा स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केली. तिच्या मुळाशी 'चेतविणे' या अर्थाचे ग्रीक क्रियापद आहे. चेतविण्यावरून नाव मिळालेल्या या वर्गातील पहिल्या द्रव्याचे काम मात्र आग आवरण्याचे निघाले.

दुसरा रक्षक रक्तातून दूरवर प्रवास करीत नाही. प्रोस्टाग्लँडिने जेथे निर्माण होतात तेथेच कार्य करतात, म्हणून त्यांना स्थानिक संप्रेरके म्हणतात. श्लेष्मा व बायकार्बोनेट यांचे स्रवण वाढविणे आणि अस्तराचा रक्तप्रवाह राखणे, ही त्यांची कामे. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. वेदना शमविणारी गोळी जठराला का दुखावते, याचा खुलासा त्यामुळे झाला. १९७९ मध्ये आंद्रे रॉबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना आधी प्रोस्टाग्लँडिन देऊन नंतर शुद्ध अल्कोहोल, तीव्र आम्ल, तीव्र अल्क, इतकेच नव्हे तर उकळते पाणीही दिले. तरी अस्तराच्या खोल थरांची हानी टळली. आम्ल कमी न करताही रक्षण होऊ शकते, हे यातून सिद्ध झाले.

तिसऱ्या संप्रेरकाची कथा सर्वांत उद्बोधक आहे, कारण ते दीर्घकाळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. मॉन्ट्रियल येथे हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये असे नोंदविले की, उंदरांना कोणत्याही प्रकारे तीव्र क्लेश दिले तरी तीन बदल एकत्र आढळतात : अधिवृक्क ग्रंथी सुजतात, थायमस ग्रंथी आकसते आणि जठरात व आतड्याच्या आरंभी व्रण पडतात. अधिवृक्क ग्रंथी तणावाच्या वेळी ग्लुकोकॉर्टिकॉइड संप्रेरके सोडतात. मनुष्यात त्यांतील प्रमुख म्हणजे कॉर्टिसॉल. ग्रंथी सुजलेली, संप्रेरक वाढलेले आणि व्रणही पडलेले. तेव्हा संप्रेरकानेच व्रण पाडला, असे अनुमान रूढ झाले. पुढे औषध म्हणून कॉर्टिसोन वापरात आल्यावर काही रुग्णांत व्रण आढळले आणि आरोप अधिकच पक्का झाला.

सहअस्तित्वावरून कार्यकारणभाव गृहीत धरण्याचा हा दोष तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. दोन कृतींत साम्य दिसले की एकीचा दुसरीवर प्रभाव पडला असे म्हणण्याचा मोह होतो. प्रभाव सिद्ध करण्यास मात्र वेगळा पुरावा लागतो. येथे तो पुरावा सेंट पीटर्सबर्गच्या पाव्हलॉव्ह शरीरक्रियाविज्ञान संस्थेतील ल्युडमिला फिलारेटोव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या काळात सादर केला. त्यांनी उंदरांत तणावाच्या वेळची संप्रेरकवाढच रोखली. जुने अनुमान खरे असते तर व्रण कमी व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ते वाढले. संप्रेरक बाहेरून भरून देताच हानी पुन्हा घटली. अस्तराचा रक्तप्रवाह टिकविणे, श्लेष्म्याची निर्मिती राखणे, जठराचे अतिरेकी आकुंचन आवरणे आणि रक्तातील साखरेची पातळी सांभाळणे, या मार्गांनी हे संप्रेरक रक्षण करते. प्रोस्टाग्लँडिने अपुरी पडली, तर त्यांची उणीवही ते काही अंशी भरून काढते. घराला आग लागली तेथे जो धावून आला, त्यालाच आग लावणारा ठरविण्यात आले होते.

तथापि आरोपी निर्दोष सुटला म्हणून तो सर्वकाळ निरुपद्रवी ठरत नाही. शरीराने प्रसंगी, अल्पकाळ सोडलेले संप्रेरक आणि दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिलेले औषध, यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या स्थितीत रक्षणाचे रूपांतर हानीत होऊ शकते. स्टेरॉइडे आणि वेदनाशामके एकत्र घेतल्यास व्रणाचा धोका वाढतो, हे वैद्यकात सर्वमान्य आहे. शिवाय मनुष्यातील बहुसंख्य व्रणांच्या मुळाशी वेदनाशामके तरी असतात किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू तरी. या जीवाणूचा शोध रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी ऑस्ट्रेलियात लावला व त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चिंतेनेच व्रण पडतो, ही समजूत त्यामुळे आणखी एका बाजूने ढासळली. तिचा जाच रुग्णांनी बराच सोसला होता : जंतू शरीरात राहिला आणि दोष त्यांच्या स्वभावाला देण्यात आला.

हंटर यांचे जीवनतत्त्व असे अनेकांच्या सहकार्यात विभागले गेले आहे. जठराची अखंडता ही एखाद्या अभेद्य भिंतीची देणगी नसून प्रत्येक क्षणी चालणाऱ्या डागडुजीचे फळ आहे. तणावाच्या प्रसंगी शरीर एका बाजूने आघात सोसत असते आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने त्याची भरपाई करीत असते. या दोन क्रिया एकत्र दिसतात. त्यांतील कोणती आघाताची आणि कोणती भरपाईची, हे ओळखण्यात वैद्यकाची साठ वर्षे गेली.