शिंदळ माकुडी : पानं पावसाची, दांडे उन्हाळ्याचे

ही वनस्पती सह्याद्रीतली, पण सपाटी टाळून उभा कडा धरणारी. पावसाळा सरता सरता शिवनेरीचा कातळ नीट न्याहाळला, तर एखाद्या खाचेतून बोटाएवढे जाड, राखाडी-हिरवे दांडे लोंबताना दिसतात. त्यांवर समोरासमोर जाडसर लंबगोल पानं आणि मधूनमधून पाच टोकांची, गडद किरमिजी फुलं. फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचं. पाकळ्यांवर पिवळे डाग, कडांना बारीक केसांची झालर.

ही शिंदळ माकुडी, शास्त्रीय नावानं फ्रेरिया इंडिका. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात कुठेच उगवत नाही. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, महाबळेश्वरचा परिसर अशा मोजक्याच ठिकाणी तिची नोंद आहे.

मुंबई इलाख्यातले वनाधिकारी निकोल डाल्झेल यांनी तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 सालचा. ही वनस्पती त्यानंतर तीन-चार वर्षांनी प्रसिद्ध झाली आणि तिला तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव मिळालं. अलीकडे काही अभ्यासक तिला कंदीलपुष्पांच्या सेरोपेजिया वंशात घालतात.

तिची खरी करामत मात्र पानांत आहे. माकडशिंगासारख्या तिच्या मांसल भाऊबंदांना पानं अशी जवळजवळ नसतातच; असली तरी खवल्याएवढी आणि चार दिवसांची. शिंदळ माकुडीला चांगली भरघोस पानं येतात, पावसाळाभर टिकतात आणि कोरड्या दिवसांत गळून जातात. मग उरतो तो नुसता दांडा, आणि तोच पुढचे सात-आठ महिने झाड जगवतो.

कसा, ते 1977 साली लांगे आणि त्सुबर या जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं. तिची पानं साध्या झाडांसारखीच दिवसा रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. यात पाणी भरपूर उडतं, पण पावसाळ्यात त्याची फिकीर कोणाला? दांड्याचा कारभार अगदी उलटा. तो रात्री, हवा गार असताना रंध्रं उघडतो, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रं मिटून त्याच साठ्यावर उन्हाच्या मदतीनं अन्न बनवतो. निवडुंगही असंच करतात. पण एकाच झाडाच्या पानांनी एक रीत पाळावी आणि दांड्यानं दुसरी, हे विरळाच. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने तापलेला कातळ, अशा जागी याहून चोख व्यवस्था सुचणं कठीण.

शिंदळ माकुडीच्या या भाऊबंदांत फुलांचं परागीभवन बहुतेक माश्या करतात. परागकण सुटे नसतात. ते मेणचट पिशव्यांत बांधलेले असतात आणि माशीच्या पायाला किंवा सोंडेला चिमट्यानं अडकून पुढच्या फुलात जातात. नंतर जोडीनं येणाऱ्या शिंगासारख्या शेंगा उकलल्या, की रेशमी शेंडीच्या बिया वाऱ्यावर निघतात. त्यांतल्या किती नेमक्या खाचेत, चिमूटभर मातीत पडणार? बहुतेक वाया जातात.

कुंडीत मात्र ही वनस्पती मुळीच हट्टी नाही. दांड्याचा तुकडा खोचला की मूळ धरतो. परदेशातले हौशी लोकही ती वाढवतात. म्हणून ती वाचली असं समजणं धोक्याचं आहे. एका झाडाच्या तुकड्यांपासून झालेली शंभर झाडंही वंशानं एकच असतात, आणि रोग किंवा हवामानातला बदल सोसायला जी विविधता लागते, ती कड्यांवरच्या वेगवेगळ्या झाडांतच आहे. तिथे दरडी कोसळतात, वणवे लागतात, शेळ्या पोहोचतील तिथवर चरतात. गडांची डागडुजी करताना तटाचे चिरे फोडणारी वड-पिंपळाची रोपं काढावीच लागतात. पण उन्हाळ्यात कड्याच्या खाचेत दिसणारे बिनपानी, वाळल्यासारखे दांडे त्याच झपाट्यात उपटले जाऊ नयेत, यासाठी काम सुरू होण्याआधी एखाद्या वनस्पती-अभ्यासकानं कडा पाहून जाणं गरजेचं आहे.