घटकाभराचें संकट : गारपीट

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवा जालना. या गांवानें दुष्काळ पुष्कळ पाहिले. हिमवर्षाव मात्र त्याला ठाऊक नाहीं. समुद्रसपाटीपासून सुमारें 500 मीटर उंचीच्या या पठारी मुलखांत ऐन थंडींतही पारा बहुधा आठ-दहा अंशांपाशीं थांबतो. असें असूनही थंडी सरतां सरतां, माघ-फाल्गुनांत, हीच भूमि कधीं कधीं घटकाभरांत पांढरीशुभ्र होऊन जाते. काश्मीरची आठवण व्हावी असें तें दृश्य असतें. परंतु काश्मीरचें हिम आणि जालन्याची गार यांत सांवरीचा कापूस आणि गोफणींतला गुंडा यांच्याइतकें अंतर आहे. ज्या प्रदेशांत बर्फ क्वचितच पाहावयास मिळतें तेथें लोक त्याचें कौतुक आधीं करतात आणि भय मागाहून बाळगतात. मुलें वाट्या घेऊन अंगणांत धावतात, आणि मोठी माणसें त्यांना अडविण्याऐवजीं उंबऱ्यांत उभीं राहून मौज पाहतात.

11 फेब्रुवारी 2018 रोजीं, रविवारीं सकाळीं, मराठवाडा व विदर्भ यांच्या कांहीं भागांत गारांचा वर्षाव झाला. त्यांत जालना जिल्ह्याला मोठा तडाखा बसला. उभा गहूं आडवा झाला, हरभरा झोडपला गेला, द्राक्षांचे घड आणि मोसंबीचीं फळें मातींत पडलीं. आणि एकट्या या जिल्ह्यांत दोन माणसांचा प्राण गेला. त्याच्या चार वर्षें आधीं, 2014 च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत, गारपिटीचें सत्र चालू राहिलें होतें आणि महाराष्ट्राचे 28 जिल्हे त्यांत सांपडले होते. जगांत गारपिटीनें एका वेळीं सर्वांत अधिक मनुष्यहानि झाल्याची जी नोंद जागतिक हवामान संघटनेनें मान्य केली आहे, तीही आपल्याच देशांतील आहे : उत्तर प्रदेशांतील मुरादाबाद, 30 एप्रिल 1888, मृत 246.

उष्ण प्रदेशांत आकाशांतून बर्फ पडतें तरी कसें ? जमिनीवर ऊन असलें तरी चार-साडेचार किलोमीटर उंचीवर हवेचें तापमान शून्यावर आलेलें असतें. माघ-फाल्गुनांत जमीन तापूं लागते, समुद्रांवरून दमट वारे येतात, आणि त्याच वेळीं उत्तरेकडून उंचावरून थंड, कोरडी हवा सरकत येते. खालीं ऊब व ओल, वर गारठा, अशी जोडी जमली कीं दमट हवा वेगानें वर चढते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. या ढगांतील पाण्याचे थेंब शून्याखालीं गेले तरी लगेच गोठत नाहींत. द्रवरूपांतच तरंगत राहतात. एखादा हिमकण त्यांना भेटला कीं ते त्याच्यावर आदळून तत्क्षणीं गोठतात. वर चढणारा वारा त्या कणाला तोलून धरतो, कण वाढत राहतो, आणि वाऱ्याला त्याचें ओझें पेलेनासें झालें कीं तो खालीं सुटतो. गार मधोमध कापून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात ते या वाढीचे. वाटेंतील उबदार हवेंत लहान गारा विरघळून त्यांचा पाऊस होतो. मोठ्या तेवढ्या जमिनीपर्यंत पोंचतात. हिमाचा पिंजलेला कण तरंगत उतरतो. सुपारीएवढी गार ताशीं सुमारें 40 किलोमीटर वेगानें आदळते, आणि आकार वाढेल तसा हा वेगही वाढतो.

आपल्या भाषेंत या वस्तूला 'गार' हा सुटसुटीत घरगुती शब्द आहे. 'बर्फ' फारसींतून आलें, 'हिम' संस्कृतांतून घेतलें. ज्याची गांठ पडते त्याचेंच नांव घरांत रुळतें. शेजारच्या वऱ्हाडांत आणि नागपूर प्रांतांत तर गारा परतवून लावण्याचें काम गांवगाड्यांत एका नाथपंथी समाजाकडे सोंपविलेलें असे. त्यांस गारपगारी म्हणत, आणि मंत्र व आराधना यांच्या मोबदल्यांत त्यांना शेतकऱ्याकडून धान्य मिळे. ही समजूत ऐकून हंसणाऱ्यांनीं युरोपचीही हकीकत ध्यानांत घ्यावी. 1896 सालीं ऑस्ट्रियाच्या राज्यांतील आल्बर्ट श्टिगर नांवाच्या द्राक्षबागाइतदारानें ढगांवर डागण्यासाठीं कर्ण्याच्या आकाराच्या तोफा उभ्या केल्या. त्यांचें लोण इतर देशांत पसरलें, त्यांच्यासाठीं आंतरराष्ट्रीय परिषदाही भरल्या. पुढें तोफा डागल्या तरी गारा पडतच राहिल्या, तेव्हां उत्साह ओसरला. तशींच यंत्रें आजही विकलीं जातात. त्यांना शास्त्राचा आधार नाहीं हें जागतिक हवामान संघटनेचें मत बागाइतदारानें पैसे मोजण्यापूर्वी ऐकून ठेवलेलें बरें. बागेवर ताणलेली जाळी हा महाग, पण खरा उपाय.

गारा थांबवितां येत नाहींत. त्या येत आहेत हें मात्र आतां बरेंचसें आधीं कळतें. भारतीय हवामान विभाग वादळाचा संभव एक-दोन दिवस अगोदर जिल्हावार सांगतो आणि धोक्याप्रमाणें पिवळा, नारिंगी, तांबडा असे रंग देतो. पुढील तीन तासांपुरता ताजा इशाराही प्रसिद्ध होतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें 'दामिनी' हें मोबाइलवरील साधन जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतें. गारांचे ढग हे विजांचेच ढग असल्यामुळें तीही उपयोगाची. कोणत्या गल्लींत गार पडेल हें मात्र कोणीच सांगूं शकत नाहीं. गारांचा पट्टा अरुंद असतो. जुन्या जालन्यांत पत्रे फुटावे आणि नदीपलीकडे साधा शिडकावाही नसावा, असें घडूं शकतें. म्हणून शेवटचा इशारा डोळ्यांनीं आणि अंगानेंच घ्यावयाचा. दुपारचा असह्य उकाडा, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा फुगत चाललेला ढग, आणि मग एकाएकीं अंगावर येणारा थंडगार झोत. हा झोत ढगाच्या पोटांतूनच खालीं उतरलेला असतो. तो जाणवला कीं हातांत थोडींच मिनिटें उरलीं असें समजावें.

या मिनिटांत प्रथम मुलें व वृद्ध माणसें घरांत घ्यावींत, मागून वाळवण. हा क्रम बहुतेक घरांत उलटा होतो. खिडक्या लावून कांचांपासून दूर बसावें. रस्त्यावर दुचाकीवर असणाऱ्यानें पक्क्या छपराचा आसरा गांठावा. झाडाचा आसरा घेऊं नये, कारण गारेबरोबर वीजही असते. उघड्या रानांत सांपडलेल्यानें घमेलें, पाटी किंवा चौघडी केलेली घोंगडी डोक्यावर धरून उकिडवें बसावें. मार डोक्यावर बसला तर प्राणावर बेतूं शकतें. डोक्याला मार लागून मळमळ किंवा गुंगी येऊं लागली तर घरगुती उपचारांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा.

जुन्या वस्तीला एक निराळी काळजी आहे, ती माळवदांची. मातीच्या सपाट छपरावरून पाणी पन्हाळांतून वाहून जातें; गारा वाहत नाहींत. त्या पन्हाळाच्या तोंडाशीं अडकून बांध घालतात आणि मागचें पाणी मातींत मुरूं लागतें. शिवाय त्यांचें वजन असतें. दहा फूट लांब व तितक्याच रुंद माळवदावर चार बोटें जाडीचा थर सांचला तर तो तीन-साडेतीनशें किलो भरेल, आणि तुळ्या जुन्या असतील तर हें ओझें थट्टेवारी नेण्याजोगें नाहीं. विजा पूर्ण थांबल्यावर, दोघांनीं मिळून, लोखंडी फावड्यानें माती न खरवडतां लांकडी फळीनें थर ओढावा आणि पन्हाळें मोकळीं करावीं. त्या वेळीं खालच्या खोलींत कोणी झोपलेलें असूं नये. तुटलेली विजेची तार दिसली तर तिच्याजवळ न जातां महावितरणला कळवावें. मुलांनीं वेंचलेल्या गारा पाहण्यापुरत्याच. त्यांत वाऱ्यानें उडविलेली धूळ व जंतु गोठलेले असतात, त्या तोंडांत घालूं देऊं नयेत.

शहरांत राहून गांवीं मोसंबीची बाग राखणारीं कुटुंबें जालन्यांत पुष्कळ आहेत. त्यांनीं मोडक्या फांद्या स्वच्छ कापून जखमांवर बोर्डो मलम लावावें, कारण सालीच्या चिरांतून बुरशी शिरते. नुकसान 33 टक्के किंवा अधिक असल्यास सरकारी मदतीचा हक्क पोंचतो. ही मर्यादा 2015 पूर्वी 50 टक्के होती. विमा उतरला असेल तर त्या हंगामाच्या अटी आधींच वाचलेल्या असाव्यात, कारण त्या बदलत असतात. तलाठ्याला त्याच दिवशीं कळवावें. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत गारा उरत नाहींत. म्हणून वीज-पाऊस थांबतांच गारेशेजारीं एक नाणें ठेवून तारखेसह छायाचित्र काढावें. तेवढ्यासाठीं फाल्गुनाच्या उन्हांत फार तर अर्धा तास मिळतो.