‘हात लावू नका’ची स्पॅनिश

चाकण एमआयडीसीत स्पॅनिशचं काय काम, असं कुणी विचारलं तर निर्यातीकडे बोट दाखवावं. इथली फोक्सवॅगन व्हेंटो मेक्सिकोला जायची. शेजारच्या तळेगावातून जनरल मोटर्सची बीटही तिकडेच रवाना व्हायची, 2020च्या अखेरीस कारखाना बंद होईपर्यंत. बजाजच्या मोटारसायकली कोलंबियात धावतात. स्पेनमधल्या बिल्बाओची सीआयई ऑटोमोटिव्ह तर 2013मध्ये महिंद्राशी हातमिळवणी करून थेट इकडेच आली. तेव्हा स्पॅनिश बोलणारा पाहुणा प्रेसशॉपमध्ये उभा राहणं काही नवलाचं नाही. त्याला हेल्मेट-गॉगल देऊन आत घेतलं की ‘या, बसा’पेक्षा ‘हात लावू नका’ची गरज आधी पडते.

आणि शिकणारा नेमका तिथेच अडखळतो. ‘तोकार’ म्हणजे हात लावणं, ‘तोका’ म्हणजे हात लाव. मग पुढे ‘नो’ जोडला की काम झालं, असं वाटतं. पण ‘नो तोका’चा अर्थ होतो ‘तो हात लावत नाही’! ‘लावू नकोस’साठी ‘नो तोकेस’ म्हणावं लागतं, ‘लावू नका’साठी ‘नो तोके’ आणि समोर चारपाच जण असतील तर ‘नो तोकेन’.

मराठी माणसाला याचं फार आश्चर्य वाटू नये. आपणही ‘कर’ला नुसता नकार जोडून भागवत नाही, ‘करू नकोस’ म्हणतो. फरक इतकाच की आपल्याकडे ‘करू’ तसंच राहतं आणि ‘नको’ची नकोस, नका अशी रूपं होतात. त्यांचा ‘नो’ जागचा हलत नाही, क्रियापदच शेपूट बदलतं.

बदलाचा नियम सोपा आहे. मूळ क्रियापद ‘आर’ने संपत असेल तर नकारार्थी आज्ञेत ‘ए’ येतो, ‘एर’ किंवा ‘इर’ने संपत असेल तर ‘आ’. ‘आपागार’ म्हणजे बंद करणं; ‘नो आपागे ला माकिना’, मशीन बंद करू नका. ‘आब्रिर’ म्हणजे उघडणं. ‘नो आब्रा ला पुएर्ता’, दार उघडू नका. आणि पॉवर प्रेसपाशी सगळ्यात मोलाचं वाक्य, ‘मेतेर’वरून: ‘नो मेता ला मानो’, हात आत घालू नका. रोमन लिपीत ‘तोके’, ‘आपागे’ लिहिताना एक जादा अक्षर घुसतं, ते फक्त क आणि ग हे उच्चार टिकवायला. देवनागरीत ही भानगडच नाही.

सर्वनामही जागा बदलतं. ‘याला हात लाव’ म्हणताना ते क्रियापदाला मागून चिकटतं: ‘तोकालो’. नकारात ते सुटून पुढे येतं: ‘नो लो तोकेस’.

पाट्यांवर मात्र हा खटाटोप नसतो. आपण ‘धूम्रपान करू नये’ लिहितो, तसं तिकडे बहुधा मूळ रूपच रंगवतात: ‘नो फुमार’.

क्लासमध्ये सहसा ‘तू’पासून सुरुवात होते. माझ्या मते कारखान्यातल्या माणसाने ‘तुम्ही’पासून करावी. ‘तुम्ही’त ‘तोके’ आणि ‘नो तोके’ एकच. होकार-नकाराची वेगवेगळी रूपं लक्षात ठेवायची कटकट ‘तू’ला असते. शिवाय स्पेनमध्ये सहकारी पटकन ‘तू’वर येतात, पण बोगोटात मित्रही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणताना आढळतात. पाहुणा कुठलाही असो, आदरार्थी रूप वापरून कुणाचा अपमान होत नाही. तेव्हा आधी ‘नो तोके’, ‘नो आब्रा’, ‘नो मेता ला मानो’ एवढी तोंडात बसवा; बाकीचं व्याकरण सावकाश करा.