अल्बममधली गिधाडं

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये दिल्लीचा एक फोटो आहे. १९८७ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एलटीसी घेऊन आम्हाला दिल्ली दाखवली होती. पुराना किल्ल्याच्या भिंतीपुढे मी हाफ पँटीत उभा आहे आणि मागच्या वठलेल्या झाडावर काळे गोळे बसलेले दिसतात. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा दिल्लीचा बेत ठरला, तेव्हा माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने त्यांवर बोट ठेवलं. "बाबा, हे काय?"

"गिधाडं."

"मग आपण ती बघायचीच!"

झालं! दुर्बीण आणि सलीम अलींचं पुस्तक सामानात आलं. टॅक्सीवाल्याच्या यादीत दिवसाला सहा 'पॉइंट' होते. लेकीची यादी वेगळीच. कुतुबमिनारच्या आवारात गाईड सनावळ्या सांगत होता आणि ही भिंतीतल्या भोकांतून डोकावणारे पोपट मोजत होती. "अहो, मिनार राहिला बाजूला, तुम्ही दोघं बघताय कुठे?" सौ.ने हटकलं. पण लोदी गार्डनमध्ये डोक्यावरून राखी धनेश उडत गेला, तेव्हा तीही बाकावरून उठली. पिंपळावर हरियाल दिसले आणि गंमत वाटली. महाराष्ट्राचा राज्यपक्षी आम्हाला पहिल्यांदा भेटला तो दिल्लीत!

एवढ्या धुरात आणि हॉर्नच्या गोंगाटात हे पक्षी राहतात कसे? जुन्या वास्तूंच्या आवारात मोठी झाडं राखली गेली आहेत, भिंतींना कपारी आहेत. माणसांनी इतिहास जपला, त्याच्या आडोशाने पाखरंही जगली.

प्राणिसंग्रहालयात तर पिंजऱ्यांकडे आम्ही पाहिलंच नाही. तळ्यातल्या बेटांवरची झाडं चित्रबलाकांच्या घरट्यांनी लगडली होती. हे पाळलेले पक्षी नव्हेत. १९६० पासून रानातले चित्रबलाक आपणहून इथे येऊन पिल्लं वाढवतात. मोठ्या पक्ष्यांचा आवाज जवळजवळ नसतोच, ते चोची वाजवतात. कलकलाट सगळा पिल्लांचा.

शेजारीच पुराना किल्ला. अल्बममधल्या फोटोची जागा शोधली. ते झाड आता नव्हतं. एवढ्यात लेक ओरडली, "बाबा, गिधाड!" बुरुजावर एक मोठा तपकिरी पक्षी बसला होता. तो उडाला आणि शेपटीची खाच दिसली. घार होती. तशा घारी दिल्लीच्या आभाळात शेकड्यांनी फिरतात. गिधाड मात्र चार दिवसांत एकही दिसलं नाही.

रात्री हॉटेलात तिला सगळं सांगावं लागलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांना भरतपूरला गिधाडं मरताना आढळली. कारण उलगडलं ते २००३-०४ मध्ये. गुरांना वेदनेवर डायक्लोफिनॅक टोचलं जाई. असं जनावर मेलं की त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होत आणि काही दिवसांत ते मरे. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातलं जेमतेम एक उरलं. २००६ मध्ये हे औषध गुरांसाठी बंद झालं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या. २०१५ मध्ये त्याही बंद करून ३ मिलिलिटरची मर्यादा घालावी लागली.

"डायक्लोफिनॅक म्हणजे अण्णाआजोबांच्या गुडघ्याची गोळी?" तिने विचारलं.

हो, तीच. त्या गोळीने अण्णांना जिना चढता आला. आमच्या खणात ठेवलेलं औषध आभाळातला पक्षी नाहीसा करू शकतं, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, म्हणून तर ते अधिक लागतं. जवळजवळ पाचशे वर्षांचा किल्ला जागेवर आहे. त्याच्यावर बसणारी गिधाडं पंधरा वर्षांत गेली. पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास केली जाते, पण वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला वाढायला वेळ लागणारच.

परतीच्या गाडीत लेकीने वहीत पक्ष्यांची यादी केली. शेवटी लिहिलं, 'गिधाड – ०'.

"जे दिसलं नाही, ते कशाला लिहितेस?" सौ.ने विचारलं.

"नाही लिहिलं, तर नव्हतं हे कळणार कसं?"

घरी आल्यावर वहीचं ते पान मी अण्णांच्या फोटोशेजारी अल्बममध्ये चिकटवलं आहे.