मशीन रिकामं नाही, तरी रांग हलत नाही

माझा भाचा बायोमेडिकल इंजिनिअर. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात त्याने सात वर्षं यंत्रं सांभाळली. व्हेंटिलेटर, डायलिसिसची मशीन, सोनोग्राफी, आयसीयूतले मॉनिटर. रात्री दोनला फोन आला की बाइक काढायची आणि निघायचं. असा हा मुलगा तीन वर्षांपूर्वी एका रविवारी जेवताना म्हणाला, "मामा, बिझनेस अ‍ॅनालिटिक्समध्ये मास्टर्स करावं म्हणतोय."

ताई पोळी लाटता लाटता थांबली. "बिझनेस? म्हणजे आता दुकान टाकणार?"

आम्ही हसलो, पण तिचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. या पदवीचं नावच फसवं आहे. तिथे दुकानदारी शिकवत नाहीत. कंपनीकडे, बँकेकडे किंवा रुग्णालयाकडे जे आकडे साठत असतात, त्यांच्या आधाराने निर्णय कसा घ्यायचा, हे शिकवतात. संख्याशास्त्र, थोडं प्रोग्रॅमिंग, थोडं हिशेबशास्त्र आणि दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेलं ऑपरेशन्स रिसर्च, असा तो मिसळीचा प्रकार. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने २००७ साली अ‍ॅनालिटिक्सची स्वतंत्र मास्टर्स सुरू केली. आपल्याकडे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, आयआयटी खरगपूर आणि आयआयएम कलकत्ता मिळून २०१५ पासून दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवतात. आता तर गल्लोगल्ली जाहिराती दिसतात, त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

भाच्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते एका बैठकीमुळे. सोनोग्राफी विभागाचा आढावा होता. याने अभिमानाने तक्ता दाखवला: वर्षभरात मोठा बिघाड नाही, मशीन ९० टक्के वेळ वापरात. वैद्यकीय अधीक्षक म्हणाले, "छान. मग बाहेर लोक दोन-दोन तास का बसलेत? अजून एक मशीन घेऊ का?" याच्याकडे उत्तर नव्हतं. "मशीनबद्दल मला सगळं माहीत होतं, मामा. पण ते उत्तर मशीनमध्ये नव्हतंच," असं तो मला नंतर म्हणाला.

ते उत्तर रांगेच्या गणितात होतं. हे गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या गणितज्ञाने त्यावरचा पहिला शोधनिबंध १९०९ साली प्रसिद्ध केला. त्याच्यापुढचा प्रश्न होता, फोन करणाऱ्यांना ताटकळावं लागू नये म्हणून एक्स्चेंजमध्ये लाइन किती ठेवायच्या? त्याच घराण्यातलं सगळ्यात साधं सूत्र आपण सोनोग्राफीच्या खोलीला लावून पाहू. रुग्ण कधीही येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त, सरासरी १५ मिनिटं. मशीन ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर सरासरी थांबणं येतं ६० मिनिटं. ९० टक्के व्यग्र असेल तर १३५ मिनिटं. आणि ९५ टक्क्यांना? २८५ मिनिटं, म्हणजे पावणेपाच तास. (प्रत्यक्षात ओपीडी संध्याकाळी बंद होते म्हणून रांग इतकी वाढू शकत नाही. ती दुसऱ्या दिवशीवर जाते, एवढाच फरक.)

म्हणजे ज्या ९० टक्क्यांचा भाच्याला अभिमान होता, तेच रांगेचं कारण होतं. येणाऱ्यांची वेळ बेभरवशाची असते तेव्हा मशीनने अधूनमधून रिकामं राहणं हा आळस नसतो. तेवढी सवड असल्याशिवाय रांग वाहत नाही. तंत्रज्ञाला मात्र उलटं शिकवलेलं असतं: यंत्र बसून राहिलं म्हणजे पैसा वाया.

मग दुसरं मशीन घ्यायचं का? त्याच सूत्राने, तेवढीच गर्दी आणि दोन मशीनसाठी एकच सामाईक रांग धरली तर थांबणं चार मिनिटांवर येतं. पण त्यासाठी मशीनचे पैसे, जागा, आणखी एक रेडिओलॉजिस्ट आणि लिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालची नोंदणी, एवढं सगळं आलं. दुसरा मार्ग म्हणजे वेळ ठरवून रुग्णांना बोलावणं. येण्यातला विस्कळीतपणा पूर्ण गेला तर थांबणं साधारण निम्म्यावर येतं, आणि खर्च एका वहीचा. कोणता मार्ग घ्यायचा, हे आता नुसतं गणित राहत नाही. भोरहून आलेल्या बाईची दिवसाची मजुरी बुडते, ती रुग्णालयाच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. ती धरायची की नाही?

अशा प्रश्नांसाठी त्याने अभ्यासक्रम निवडला. नोकरी सोडली नाही. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, दोन वर्षं. प्रोग्रॅमिंग त्याला सोपं गेलं, इंजिनिअरांना ते जातंच. घाम फोडला तो कार्यकारणभावाने. पहिल्याच प्रकल्पात त्याने बिघाडांच्या नोंदी मांडल्या आणि निष्कर्ष काढला की ज्या मशीनची देखभाल जास्त वेळा होते, ती जास्त वेळा बंद पडतात. प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, "मग देखभाल थांबवायची?" जुनी, कुरकुरणारी मशीनच तो स्वतः जास्त वेळा उघडत होता! त्याला हे सात वर्षं हाताने माहीत होतं, पण आकडे समोर आल्यावर तो ते विसरला. मला विचाराल तर त्या दोन वर्षांच्या फीपैकी निम्मी तरी त्या एका प्रश्नात वसूल झाली.

आरोग्यक्षेत्रात अशी चूक किती महागात पडते, याचं उदाहरण 'सायन्स' या नियतकालिकात ऑक्टोबर २०१९ मध्ये आलं. अमेरिकेतल्या रुग्णालयांत एक संगणकीय प्रणाली वापरली जात होती. कोणत्या रुग्णांना जादा देखरेखीची गरज आहे, हे तिने सांगायचं. वंश कोणता, हे तिला सांगितलेलंही नव्हतं. तरीही झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांना आढळलं की तिने सारखेच गुण दिलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय रुग्णांपैकी कृष्णवर्णीय रुग्ण अधिक आजारी होते. कारण काय, तर प्रणाली आजार मोजत नव्हती, उपचारांवरचा खर्च मोजत होती. ज्यांना दवाखान्यापर्यंत पोचणंच अवघड, त्यांच्यावर खर्च कमी होतो. कमी खर्च म्हणजे कमी गरज, असं तिने मानलं. ही तफावत दुरुस्त केली तर जादा मदत मिळणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं. प्रणालीचं गणित चोख होतं. पण 'गरज' म्हणून काय मोजायचं, हे ठरवताना टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणीतरी खर्चावर बोट ठेवलं होतं.

हा वाद आपल्याला नवा नाही. साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. सरासरी गरजेपेक्षा कमी उष्मांक घेणारा प्रत्येक जण कुपोषित धरायचा का, हा त्यांचा प्रश्न. निरोगी माणसांची गरजही वेगवेगळी असते, एकाच माणसाची दिवसागणिक बदलते, तेव्हा सरासरीवर रेघ मारली की निम्मे धडधाकटही उपाशी ठरतील, असं त्यांचं म्हणणं. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर यांना ते पटलं नाही. दोघांचा वाद जाहीरपणे गाजला. सुखात्म्यांची रेघ घेतली तर उपाशी लोकांचा आकडा एकदम खाली येतो आणि सरकार निर्धास्त होतं, ही टीकाही झाली आणि तीत तथ्य होतं. मी अजूनही या वादात पूर्णपणे कुणा एकाच्या बाजूने नाही. पण रेघ कुठे मारायची यावर एवढं भांडणारी माणसं आपल्याकडे होती, हे अ‍ॅनालिटिक्सच्या वर्गात कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

आता त्या जाहिरातींबद्दल. बरेच अभ्यासक्रम म्हणजे रंगीत आलेख काढायचं एक-दोन सॉफ्टवेअर शिकवणं, बाकी इमारत आणि वातानुकूलन. कोड तर आता चॅटबॉटही लिहून देतो, त्यामुळे नुसत्या कोडसाठी लाखो रुपये मोजण्यात अर्थ उरलेला नाही. प्रवेशापूर्वी एवढं विचारा: खऱ्या संस्थेचा, खऱ्या आणि गबाळ्या आकड्यांवरचा प्रकल्प आहे का? तो कोण तपासतं? प्रयोग कसा आखायचा, कार्यकारण कसं ओळखायचं, याला किती तास आहेत? परदेशात जायचं असेल तर अमेरिकेतले बरेचसे असे अभ्यासक्रम 'स्टेम' गटात मोडतात, म्हणून शिक्षणानंतर एक वर्षाऐवजी तीन वर्षं काम करता येतं. पण हा सरकारी नियम आहे, आणि चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज सरकारी नियमाच्या भरवशावर काढणं मला धाडसाचं वाटतं. जॉर्जिया टेकचा ऑनलाइन अभ्यासक्रम २०१७ साली सुरू झाला तोच मुळी दहा हजार डॉलरच्या आतली फी ठेवून. तोही पर्याय आहे.

आणि सध्याच्या कामाचा कंटाळा, एवढंच कारण असेल तर थांबा. लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, मेकॅनिकल इंजिनिअर, कुणीही असा, तुमची किंमत तुमच्या जुन्या कामाच्या ज्ञानात आहे. ते टाकून देऊन या क्षेत्रात उतरलात तर बावीस वर्षांच्या पोरांशी स्पर्धा, आणि ती पोरं वेगवान असतात.

भाच्याने जुनं टाकलं नाही. त्याच रुग्णालयात तो आता कामकाज विभागात बसतो. दुसरं मशीन घेतलं गेलं नाही, वेळा ठरवून देणं सुरू झालं. पहिले दोन महिने ते सपशेल फसलं. बाराची वेळ दिलेली माणसंसुद्धा साडेनऊलाच हजर, कारण गावाहून येणारी एसटी तीच. मग त्याने गावांकडच्या गाड्यांचं वेळापत्रक काढलं. बाहेरगावच्यांना सकाळचे तास दिले आणि शहरातल्यांना दुपारचे. रांग संपली नाही, पण सकाळी आलेल्या बाईला दुपारची परतीची गाडी मिळते. पगार पहिल्या वर्षी छदामानेही वाढला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

गेल्या आठवड्यात त्याला बंगळुरूच्या एका आरोग्यविमा कंपनीकडून बोलावणं आलंय. पगार दुपटीहून जास्त. काम असं की कोणते दावे संशयास्पद आहेत, हे आधीच ओळखणारी प्रणाली बनवायची. मुलाखतीत याने विचारलं, "संशयास्पद म्हणजे काय धरता? पूर्वी नाकारलेले दावे?" समोरचे म्हणाले, हो, तेच.

ताई म्हणते, घे. तो काही बोलत नाही. पूर्वी नाकारलेल्यांतले किती दावे खरे होते, ते तपासायची मुभा मिळेल का, असं पत्र त्याने कंपनीला पाठवलंय. उत्तर शुक्रवारपर्यंत यायचंय.